माझ्या जन्माआधीची गाणी मला 'माझी' का वाटतात? (प्रॉक्सी म्हणजे काय, हे मला कुठे कळलं)



पेटच्या मुलाखतीत किंवा सिनॉप्सिस मांडताना एक प्रश्न हमखास येतो: "तुम्ही जे मोजणार आहात, ते तुम्हाला जे जाणून घ्यायचंय तेच आहे का?" प्रश्न साधा वाटतो. माझी मात्र त्यानं पाचव्या वर्षी झोप उडवली होती. त्याचं उत्तर मला सुचलं ते प्रयोगशाळेत नाही, तर एका पंक बँडच्या कार्यक्रमात. म्हणून आजचा लेख तिथूनच सुरू करते. विषयावर येतेच आहे, थोडा धीर धरा.

महालक्ष्मीचं मैदान

मार्च २०२५ मध्ये मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा इंडिया हा दोन दिवसांचा संगीत महोत्सव झाला. त्यात ग्रीन डे हा अमेरिकन बँड होता. भारतातला त्यांचा हा पहिलाच कार्यक्रम. मी पुण्याहून गेले आणि ठाण्याहून माझा आतेभाऊ आला. त्याला मी दादाच म्हणते.

ज्यांना हा बँड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॅलिफोर्नियात १९८० च्या दशकाच्या अखेरीस शाळकरी मुलांनी सुरू केलेला हा बँड. बर्कलीच्या '९२४ गिलमन स्ट्रीट' नावाच्या छोट्या जागेत ते वाजवायचे. मोठ्या कंपनीशी करार केलेल्या बँडला तिथे वाजवू द्यायचं नाही असा त्या जागेचा नियम होता, आणि ग्रीन डेनं १९९३ मध्ये नेमका तसा करार केला. १९९४ मध्ये 'डूकी' हा अल्बम आला आणि ते जगभर पोचले. मग २००४ मध्ये 'अमेरिकन इडियट' आला. बिली जो आर्मस्ट्राँग, माइक डर्न्ट आणि ट्रे कूल हे तिघंही १९७२ चे, म्हणजे आज पन्नाशी ओलांडलेले.

पन्नाशीचा माणूस स्टेजवर उड्या मारतो हे बघायला मजा येते, पण मला चक्रावून टाकलं ते समोरच्या गर्दीनं. माझ्या आजूबाजूला बरीच कॉलेजची पोरं होती. 'डूकी' आला तेव्हा त्यांचा जन्मही झालेला नव्हता. माझाही नव्हता, मी १९९७ ची. तरी 'बास्केट केस' सुरू झालं आणि सगळ्यांना शब्द न् शब्द पाठ! मी तर रडतच होते. दादा मात्र शेजारी हाताची घडी घालून गप्प उभा. आमच्या घरात ही गाणी आणली ती त्यानं. सगळ्यात जास्त आनंद त्याला व्हायला हवा होता, नाही का?

इथे दोन निरीक्षणं झाली. एक: जन्माआधीच्या गाण्यावर मला रडू आलं. दोन: ज्याच्या तारुण्यातली ती गाणी होती, तो शांत होता. संशोधनाची सुरुवात साधारण अशीच होते. काहीतरी अपेक्षेप्रमाणे घडत नाही.

आधीच्या लोकांनी काय शोधलंय?

निरीक्षण हातात आलं की पहिलं काम म्हणजे आधीचं संशोधन बघणं. मी वनस्पतीशास्त्राची विद्यार्थिनी, मानसशास्त्र हा काही माझा विषय नाही. पण परतल्यावर दोन रात्री वाचत बसले.

स्मृतीच्या अभ्यासात 'रेमिनिसन्स बंप' नावाची संकल्पना आहे. आपण तिला आठवणींचा उंचवटा म्हणू. चाळिशीपुढच्या माणसांना आयुष्यातले प्रसंग आठवायला सांगितले आणि तेव्हाच्या वयानुसार त्यांचा आलेख काढला, तर साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणींची संख्या फुगलेली दिसते. का? काही जण म्हणतात, त्या वयात बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा घडतात म्हणून. काही म्हणतात, आपण कोण आहोत हे त्याच वयात ठरत असतं म्हणून.

गाण्यांच्या बाबतीत १९८९ मध्ये हॉलब्रूक आणि शिंडलर यांनी एक गाजलेला अभ्यास केला. १०८ लोकांना १९३२ ते १९८६ या काळातल्या २८ गाण्यांचे तुकडे ऐकवले आणि किती आवडलं ते विचारलं. मग प्रत्येक गाण्यासाठी एक आकडा काढला: गाणं लोकप्रिय झालं तेव्हा ऐकणाऱ्याचं वय किती होतं? त्या वयाविरुद्ध आवड मांडली तर आलेख टेकडीसारखा आला आणि टेकडीचा माथा साधारण साडेतेवीस वर्षांवर होता.

आता हे माझ्यावर लावून बघा. 'डूकी'साठी माझं वय येतं उणे तीन. आणि माथा? १९९७ अधिक साडेतेवीस, म्हणजे २०२० चं मधलं वर्ष. तेव्हा मी लॉकडाऊनमध्ये गावी गच्चीवर रेंज शोधत ऑनलाइन व्हायवा देत होते. त्या वर्षीचं एकही गाणं मला धड आठवत नाही.

थांबा, इथे लगेच "म्हणजे अभ्यास चुकला" म्हणायचं नाही. तो आलेख अनेक माणसांच्या सरासरीचा आहे. सरासरीवरून एका माणसाबद्दल भाकीत करता येत नाही आणि एका माणसावरून सरासरी खोडताही येत नाही. मी म्हणजे सॅम्पल साइज एक. पण माझ्याभोवतीची ती सगळी पोरं? त्यांचं काय?

त्यावरही उत्तर सापडलं. २०१३ मध्ये क्रुमहान्सल आणि झुपनिक यांनी साधारण विशीतल्या ६२ विद्यार्थ्यांना १९५५ ते २००९ या काळातली अमेरिकेतली हिट गाणी ऐकवली. या मुलांच्या आठवणी आणि आवड त्यांच्या स्वतःच्या काळातल्या गाण्यांकडे झुकली, हे अपेक्षितच होतं. पण १९८० च्या आसपास आणखी एक उंचवटा दिसला. त्या मुलांचे आईवडील तेव्हा तरुण होते. आणि १९६० च्या दशकात आणखी एक लहान उंचवटा, कदाचित आजीआजोबांमुळे. संशोधकांचा तर्क असा की घरात आईवडील त्यांच्या तारुण्यातली गाणी लावतात आणि ती मुलांच्या बालपणात मुरतात. एका पिढीची टेकडी पुढच्या पिढीत उतरते.

सुंदर कल्पना आहे. आमच्या घरी बाबा रेडिओवर भावगीतं लावायचे, आणि 'शुक्रतारा'ची सुरावट ऐकली की आजही मला आमचं जुनं स्वयंपाकघर दिसतं. हा तर्क तिथे चपखल बसतो.

पण ग्रीन डे? माझ्या बाबांना त्या बँडचं नावही माहीत नाही. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या पोरांपैकी अनेकांच्या घरी तीच स्थिती असणार. मग ही गाणी आमच्यात उतरली कुठून?

प्रॉक्सी कुठे तुटते?

आता मुद्द्यावर येऊ. या अभ्यासांत संशोधकांना खरं तर काय जाणून घ्यायचं होतं? माणसानं ते गाणं कोणत्या वयात, कोणाबरोबर, किती वेळा ऐकलं, हे. पण चाळीस वर्षांपूर्वी कोणतं गाणं कधी ऐकलं ते कोण सांगणार? म्हणून त्यांनी सहज मिळणारी गोष्ट वापरली: गाणं लोकप्रिय झाल्याचं वर्ष. याला म्हणतात प्रॉक्सी. म्हणजे जे हवंय ते मोजता येत नाही म्हणून त्याच्या जागी उभं केलेलं, मोजता येण्याजोगं काहीतरी. वर्गात मित्राच्या नावानं 'येस सर' म्हणतो ना, तीच प्रॉक्सी!

अमेरिकेत १९८९ साली ही प्रॉक्सी ठीक होती. गाणं आलं की रेडिओवर वाजायचं आणि त्याच वर्षी लोकांच्या कानावर पडायचं. प्रकाशनाचं वर्ष आणि ऐकण्याचं वर्ष जवळजवळ एकच.

पुण्यामुंबईत मात्र ही साखळी तुटते. इथे ही गाणी आली ती उशिरा आणि आडवाटेनं: म्युझिक चॅनेलवरून, एका सीडीत दीडशे गाणी भरलेल्या एमपीथ्रीवरून, हॉस्टेलच्या लॅनवरून, कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून. १९९४ चं गाणं इथे कुणी २००६ मध्ये पहिल्यांदा ऐकलं, तर कुणी २०१९ मध्ये मोबाइलवर.

माझ्याकडे ते आलं २०१२ च्या उन्हाळ्यात. दहावीची परीक्षा संपली होती. दादा त्या वर्षी रसायनशास्त्राची पीएचडी अडीच वर्षांनी अर्धवट सोडून परत आला. एक बॅग, एक हार्ड डिस्क. दोन महिने तो आमच्याकडेच राहिला, कारण आत्याच्या घरी रोज तोच विषय निघायचा. माझ्याशी तो फार बोलायचा नाही. दुपारी स्पीकरवर ही गाणी लावून पडून असायचा. मी शेजारी बसून ऐकायचे. मला इंग्रजी शब्द धड कळायचे नाहीत, पण दादाला एकटं सोडायचं नाही एवढं कळायचं.

म्हणजे माझ्यासाठी त्या गाण्यांचं खरं वर्ष १९९४ नाही, २०१२ आहे. ऐकण्याचं वय उणे तीन नाही, पंधरा. आणि पंधरा हे वय उंचवट्याच्या अगदी आत येतं! अभ्यास चुकलेला नव्हता. माझ्या बाबतीत प्रॉक्सी चुकत होती.

लक्षात घ्या, प्रॉक्सी वापरणं हा गुन्हा नाही. तापमान मोजतानाही आपण पाऱ्याची लांबीच बघतो. प्रॉक्सी कुठे टिकते आणि कुठे तुटते हे न सांगणं, ही चूक. आणि जिथे ती तुटते तिथे बहुतेक वेळा नवा संशोधन प्रश्न बसलेला असतो. उदाहरणार्थ: 'ज्या समाजात परकं संगीत उशिरा आणि समवयस्कांकडून पोचलं, तिथे आठवणींचा उंचवटा प्रकाशनाच्या वर्षाभोवती दिसतो की पहिल्यांदा ऐकल्याच्या वर्षाभोवती?' मानसशास्त्राच्या कुणा विद्यार्थ्याला विषय हवा असेल तर हा घ्या, फुकट देते.

जे मैदानावर नव्हते त्यांचं काय?

आणखी एक सापळा आहे. कार्यक्रमानंतर गर्दीतून बाहेर पडताना मागे कुणीतरी म्हणालं, "नव्वदीत काय गाणी होती यार, आता तसं काही होत नाही." वाटतं खरं तसं. पण नव्वदीतली जी हजारो गाणी विसरली गेली, ती कार्यक्रमात वाजवतं कोण? आपल्यापर्यंत येतात ती गाळून उरलेली. याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात: टिकलेल्यांकडे बघून सगळ्यांबद्दल निष्कर्ष काढणं. १९६० च्या दशकातल्या त्या लहान उंचवट्याबद्दल 'तेव्हाची गाणीच मुळात चांगली असतील' ही शक्यताही संशोधकांना मांडावी लागली, ती अशाच अडचणीमुळे. दोन कारणं एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की एका आलेखावरून ती वेगळी करता येत नाहीत.

हाच सापळा आपल्या पीएचडीच्या गप्पांतही असतो. पंक संगीतात पीएचडीवाले बरेच आहेत. बॅड रिलिजनचा गायक ग्रेग ग्रॅफिन यानं २००३ मध्ये कॉर्नेलमधून पीएचडी घेतली. द ऑफस्प्रिंगचा डेक्स्टर हॉलंड बँड गाजल्यावर नव्वदीत पीएचडी अर्धवट सोडून गेला, पुढे परतला आणि २०१७ मध्ये एचआयव्हीवरच्या रेण्वीय जीवशास्त्राच्या कामावर पदवी मिळवली. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अशा गोष्टी फिरतात आणि खाली लिहिलेलं असतं: 'जिद्द सोडू नका.'

मीही पाठवल्या आहेत असल्या गोष्टी. पण विचार करा, ज्यांनी सोडलं आणि परत आले नाहीत, त्यांची गोष्ट कोण फॉरवर्ड करतं? जिद्दीचे परिणाम मोजायचे तर जिद्द करूनही जमलं नाही ते लोक डेटात हवेत, आणि सोडून सुखी झालेलेही. माझ्या डेटात दादा कधी नव्हताच. घरी त्याचा विषय 'वाया गेलेली अडीच वर्षं' एवढ्यावर संपायचा, आणि खोटं का बोलू, मीही तसंच समजत होते. पाच वर्षं मी रेटत राहिले त्यामागे 'माझं दादासारखं होऊ नये' ही भीती बरीच होती.

माझ्या प्रकरणाची गोष्ट

आता माझ्या कामाकडे येऊ. मी पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या माळरानांवर काम करते. प्रश्न होता: कोणत्या माळावर जनावरांसाठी किती चारा तयार होतो? प्रत्येक माळावर गवत कापून वजन करणं अशक्य, म्हणून उपग्रहाची चित्रं वापरली. निरोगी पान लाल प्रकाश शोषतं आणि जवळचा अवरक्त प्रकाश परत फेकतं. या दोन्हींच्या फरकावरून एनडीव्हीआय नावाचा निर्देशांक काढतात. सोप्या भाषेत, हिरवेपणाचा आकडा. मी हिरवेपणा मोजला आणि चाऱ्याबद्दल लिहिलं. नकाशे सुंदर आले होते.

जानेवारीत सल्लागार समितीच्या बैठकीत एका सदस्यांनी शांतपणे विचारलं, "गाजरगवतही हिरवंच असतं ना?"

संपलं. गाजरगवत जनावरं तोंडातही घेत नाहीत. ज्या माळावर ते माजलंय तो उपग्रहाला मस्त हिरवा दिसतो, आणि माझ्या नकाशावर तो 'भरपूर चारा' म्हणून रंगला होता. फेलोशिपची पाच वर्षं, दोन जेआरएफची आणि तीन एसआरएफची, संपत आलेली. नवीन मोजमाप करायचं तर आणखी एक पावसाळा, तोही स्टायपेंडशिवाय. मी दोन महिने ते प्रकरण उघडलंच नाही. गाईडचा फोन आला की पोटात गोळा यायचा.

महालक्ष्मीहून परतल्यावर, त्या दोन रात्री गाण्यांवरचे पेपर वाचताना लक्षात आलं की माझं दुखणं तेच आहे. प्रकाशनाचं वर्ष म्हणजे ऐकण्याचं वर्ष नव्हे, तसं हिरवेपणा म्हणजे चारा नव्हे. मग प्रॉक्सी फेकून कशाला द्यायची? ती कुठे तुटते ते शोधायचं. तिसऱ्या वर्षी मी काही माळांवर चौकटी टाकून कोणती वनस्पती किती आहे याच्या नोंदी घेतल्या होत्या. त्या परिशिष्टात पडून होत्या. त्या बाहेर काढल्या. जिथे मुख्यतः गवत आहे तिथे हिरवेपणा आणि चारा बऱ्यापैकी सोबत जातात. जिथे गाजरगवत शिरलंय तिथे नाही जात. आता प्रकरणाचा दावा लहान झालाय: 'पूर्व पुण्यातला चारा' नाही, तर 'हिरवेपणावरून चारा कुठे सांगता येतो आणि कुठे नाही.' नकाशाचा बराच भाग मी राखाडी केला. समितीला हे पुरेसं वाटेल का, माहीत नाही. पण आता त्या सदस्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी हे करून बघा

एका कागदावर चार ओळी लिहा.

१. मला खरं काय जाणून घ्यायचंय? (चारा. गाणं ऐकण्याचं वय.)

२. मी प्रत्यक्षात काय मोजणार आहे? (हिरवेपणा. प्रकाशनाचं वर्ष.)

३. हे दोन्ही कोणत्या परिस्थितीत वेगळे होतील? किमान दोन उदाहरणं शोधा. सुचत नसतील तर त्या विषयाबाहेरच्या माणसाला विचारा. माळावर गुरं चारणाऱ्या आजोबांना मी पहिल्याच वर्षी विचारलं असतं तर त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं असतं.

४. माझ्या डेटात कोण नाही? जे गळाले, सोडून गेले, विसरले गेले, ते आले असते तर उत्तर बदललं असतं का?

तिसऱ्या ओळीचं उत्तर मुलाखतीत स्वतःहून सांगा. त्यानं तुमचा विषय कमकुवत दिसत नाही. उलट, तुम्ही आधी विचार केलाय हे समोरच्याला कळतं.

दादर

परतताना आम्ही दादरला उतरलो. त्याला ठाण्याची लोकल पकडायची होती. पुलावर मी विचारलं, "दादा, तुला आवडलं नाही का रे?"

तो म्हणाला, "आवडलं गं. पण ही गाणी मी रात्री दोनला लॅबमध्ये कॉलमवर बसून ऐकायचो. ती लागली की मला सॉल्व्हंटचा वास येतो." मग थोडं थांबून म्हणाला, "वाईट नव्हतं सगळं. ते काम आवडायचं मला."

तेरा वर्षांत हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. घरातल्यांनी त्या अडीच वर्षांना एक आकडा दिला होता, वाया गेलेली वर्षं किती, आणि मी तोच आकडा धरून चालले होते. त्याची लोकल आली, तो चढला. मी शिवनेरीच्या थांब्याकडे चालू लागले.

तुमच्या विषयात तुम्ही कशाच्या जागी काय मोजताय, ते एकदा तपासा. आणि तुमच्या ओळखीत कुणी संशोधन सोडलेलं असेल, तर त्यालाही एकदा विचारा. पुढच्या लेखात सॅम्पल साइज किती घ्यायचा ते बघू.